उस्ताद, झोप झाली का?

नागपुरातून अमरावती रोडने बाहेर पडले की वाडी लागते. दोन्ही बाजूंना गोदामे, ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्या, वजनकाटे, टायरची दुकाने, रेडियमवाले, चहाच्या टपऱ्या; आणि या सगळ्यांच्या अधेमध्ये, मिळेल त्या जागेत, उभ्या गाड्या. 'गाडी' म्हणजे इथे ट्रकच. काश्मीरहून कन्याकुमारीला जाणारा रस्ता नागपूरवरून जातो आणि सुरतेकडून कोलकात्याच्या दिशेने जाणाराही. सरकारने या महामार्गांना आता ४४ आणि ५३ असे नंबर दिले आहेत, पण जुने ड्रायव्हर अजूनही 'सात नंबर' आणि 'सहा नंबर'च म्हणतात. देशाच्या चारी दिशांचा माल इथून जातो, म्हणून आमच्या शहरात ड्रायव्हरचे घर शोधायला लांब जावे लागत नाही. मोमीनपुरा, टेका, ताजबाग, पलीकडे कामठी, कुठल्याही गल्लीत विचारा, एखादा उस्ताद निघेलच. आणि बहुतेक वेळा तो घरी नसेल.

आमच्या वर्गातही अशा घरांतली मुले आहेत. त्यांचे अब्बा पालकसभेला येत नाहीत, कारण त्या दिवशी ते रायपूरला नाहीतर हैदराबादला असतात. प्रगतिपुस्तकावर सही हवी असेल तर आम्हालाच रविवारी वाडी गाठावी लागते. एकदा गेलो आणि मग जात राहिलो. 'हमारे इनको तो बात करना ही नहीं आता' अशी ज्या माणसाबद्दल त्याच्या बायकोची तक्रार, तोच माणूस इथे टपरीच्या बाकावर तासभर बोलायचा थांबत नाही.

बोलणे म्हणजे काय, तर एकमेकांची खेचणे. सगळ्यात जुना वाद टाटा की लेलँड हा. भंडाऱ्याजवळ अशोक लेलँडचा कारखाना आहे, तिथे गिअरबॉक्स बनतात. त्यामुळे एखाद्याची लेलँड रस्त्यात अडली की टाटावाला हटकून विचारणार, "काऊन भौ, माहेर जवळच हाय ना तिचं? सोडून दे चार दिवस." लेलँडवाला कमी नसतो. "मेरी का मायका तो पास है. तेरी रूठी तो जमशेदपूर तक पैदल जाएगा मनाने?" हा संवाद आम्ही निदान दहा वेळा ऐकला असेल, आणि दहाही वेळा लोक पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसले.

सत्तरी ओलांडलेले एक चाचा तिथे येऊन बसतात. स्टेअरिंग कधीच सुटले, टपरी सुटली नाही. "हमने मर्सिडीज चलाई है मियाँ," असे ते म्हणतात, आणि ते खोटे नाही. १९५४ साली जमशेदपूरच्या टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले, तेव्हा त्या गाड्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असे. करार १९६९ साली संपला, तारा गेला, पण त्या गाड्या पुढे कितीतरी वर्षे धावत राहिल्या. पोरे मात्र चाचांना सोडत नाहीत. "मर्सिडीज चलाई, तो सूट कहाँ है चचा?" चाचा लुंगी सावरतात आणि म्हणतात, "धोने को डाला है."

नवीन क्लीनर आला की त्याची परीक्षा ठरलेली. उस्ताद गंभीर चेहऱ्याने त्याला पंक्चरवाल्याकडे पाठवतात, 'पाव किलो हवा घेऊन ये' म्हणून. पंक्चरवालाही तेवढ्याच गंभीरपणे विचारतो, "कौन सी? ठंडी या गरम?" पोरगा परत येऊन विचारतो, उस्ताद म्हणतात, "अरे, पिशवी कुठंय?" पिशवी शोधताना त्याच्या लक्षात येते, सगळे हसतात, त्याला चहा मिळतो आणि त्या दिवसापासून तो त्यांच्यातला होतो. मग खरी शिकवणी सुरू होते. टायरवर पान्हा मारून आवाजावरून हवा ओळखायची. ताडपत्री अशी आवळायची की पावसाचा थेंब आत जाऊ नये. गाडी मागे घेताना फाळक्याच्या बाजूला उभे राहून "आने दो, आने दो" ओरडायचे आणि "बस" योग्य क्षणी म्हणायचे. आम्ही बी.एड. केले तेव्हा अध्यापनाच्या ज्या पायऱ्या पाठ केल्या होत्या, त्या सगळ्या इथे विनापुस्तक चालू असलेल्या पाहिल्या. फक्त पगार आमच्यापेक्षा कमी आणि शिव्या जास्त.

शिव्यांबद्दल बोलायलाच हवे. तिथली सगळीच थट्टा निरागस असते असे नाही. बायकांवरून होणारे काही विनोद असे असतात की ते ऐकून आम्ही उठून निघून आलो आहोत. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टर उडवू नये, वाईट नावाने हाक मारू नये, अशी ताकीद आहे. ती आम्ही वर्गात शिकवतो आणि टपरीवरही एकदा आठवण करून दिली. त्यावर एकाने उलट विचारले, "मास्टरसाब, यहाँ तो कोई अपने नाम से जाना ही नहीं जाता, क्या करें?" तरी त्यांच्यातही एक हद्द आम्ही पाहिली. ज्याच्या गाडीखाली माणूस गेला, त्याच्यासमोर त्या रस्त्याचे नाव कुणी काढत नाही. ज्याची गाडी बँकेने ओढून नेली, त्याला हप्त्यावरून कुणी टोचत नाही. आणि कुणाच्या आईवरून कधीच नाही. तिची दुआ तर गाडीच्या कपाळावर लिहिलेली असते.

या थट्टेत एक प्रश्न सारखा फिरून येतो, हे आमच्या जरा उशिरानेच लक्षात आले. तो प्रश्न झोपेचा. कुणी गाडी लावून उतरला की पहिली आरोळी येते, "क्या उस्ताद, रात को किसके सपने आए?" तो "तुम्हारी भाभी के" म्हणाला तर सगळे ठीक. पण एकदा एकाने उत्तर दिले, "सपने आने के लिए सोना पड़ता है." सगळे हसले, तोही हसला. हसता हसता एकाने त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. "तेरी गाडी मैं काटे पे लगाता, तू दो घंटा पड़." त्याने थोडी कुरबुर केली आणि मित्राच्या केबिनमध्ये जाऊन आडवा झाला. कोणी उपदेश केला नाही, कोणी आभार मानले नाहीत. सरळ विचारले असते, 'तुझी झोप झाली का?' तर तो 'हो' म्हणाला असता. कोणताही ड्रायव्हर तेच म्हणतो, कारण 'नाही' म्हणणाऱ्याचे भाडे दुसऱ्याला जाते.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले होते. टपरीवर हे सांगितले तर लोक तो आमचा विनोद समजतात. पूर्वी लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर असत, निदान बोलायला, डुलकी लागली तर खांदा हलवायला एक क्लीनर तरी असेच. आता भाडे परवडत नाही म्हणून मालकांनी आधी दुसरा ड्रायव्हर काढला, मग क्लीनर. पाव किलो हवा आणायला पाठवायला पोरगाच उरला नाही. चौदा चक्क्यांची गाडी एकटा माणूस घेऊन निघतो. रस्ते चांगले झाले, हे सगळेच मान्य करतात. राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके २०१७ साली जीएसटी आल्यावर बंद झाले, २०२१ पासून टोलला फास्टॅग सक्तीचा झाला. रांगा गेल्या, वेळ वाचला. पण त्या रांगांतच डोळा लागत असे आणि ओळखीपाळखीही तिथेच होत. वाचलेला वेळ ड्रायव्हरच्या वाट्याला आला नाही, तो पुढच्या फेरीत गेला.

समृद्धी महामार्गाचेही तसेच. नागपूर ते मुंबईच्या दारापर्यंत ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. "इतका सरळ की रस्ताच अंगाई म्हणतो," असे एकजण म्हणाला. आणि ४४ नंबरवर पेंचच्या जंगलात रस्ता उंच करून खालून वन्यप्राण्यांना जायला वाट ठेवली आहे. ती चांगलीच गोष्ट आहे, त्यावरून वाडीत झालेली चर्चा मात्र ऐकण्यासारखी होती. "शेर को सोने की, घूमने की जगह दी सरकार ने. अपन को कौन से जानवर में गिनते?" आमचेच खासदार नितीन गडकरी यांच्या खात्याने १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा केला. नागपूरचा मे महिना ज्याने इंजिनाशेजारी बसून काढला आहे, त्यालाच या निर्णयाची किंमत कळेल. एका मालकाने शंका काढली, एसीत ड्रायव्हरला झोप लागली तर? ड्रायव्हरने विचारले, "सेठ, आपको ऑफिस में लगती क्या?"

दोन दिवस मात्र तिथे थट्टा बंद होती. जानेवारी २०२४ चे पहिले दोन दिवस. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघात करून, न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली होती, म्हणून देशभर गाड्या थांबल्या. शहरात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि लोक ड्रायव्हरांवर चिडले. वाडीत लोक नुसते बसून होते. "थांबलो तर जमाव मारतो, नाही थांबलो तर कायदा," एवढे एक वाक्य तिथे सगळ्यांच्या तोंडी होते. पळून जाणाऱ्याची बाजू घ्यावी असे आम्हाला वाटत नाही. रस्त्यावर पडलेल्याचेही घर असते. पण जमावाची भीती खोटी नाही, हेही तितकेच खरे. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवले गेले.

आता घराकडे येऊ. शाळेच्या प्रवेश अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना असतो. ड्रायव्हरांची मुले तिथे 'खाजगी नोकरी' लिहितात. आम्ही कितीदा तरी ते पाहिले आहे. मुलीसाठी स्थळ पाहतानाही 'लड़का ड्रायव्हर है' म्हटले की चहाचा कप खाली ठेवला जातो. २०१९ पर्यंत व्यावसायिक वाहनाच्या परवान्याला आठवी पासची अट होती. ती असताना मोठमोठे बाप्ये जुना दाखला शोधायला शाळेत येत, मान खाली घालून. तेच लोक तेलुगू, बंगाली, गुजराती पाट्या न वाचता नुसत्या अक्षरांच्या आकारावरून गाव ओळखतात. यंदा भूगोलाच्या तासाला नकाशावर आम्ही मुलांना आपापल्या अब्बांची शेवटची फेरी दाखवायला सांगितली. सुरुवातीला कुणी हात वर करेना. मग एका मुलीने नागपूर ते विशाखापट्टणम बोट फिरवले, आणि त्यानंतर घंटा होईपर्यंत नकाशासमोरून कुणी हलेना.

रमजानमध्ये या घरांचा हिशेब वेगळा असतो. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे, नमाजही कसर होते, चार रकातींच्या जागी दोन. "मेरी तो पूरी उमर ही कसर में गई," असे एक उस्ताद हसत सांगतात. त्यांच्या बेगमकडे भिंतीवरच्या कॅलेंडरात राहिलेल्या रोज्यांवर पेन्सिलीने गोल केलेले असतात. हिवाळ्यात, दिवस लहान असताना, ते घरी आले की ती एकेक गोल खोडायला लावते. जे गाडी चालवतानाही रोजा ठेवतात, त्यांच्या इफ्तारची वेळ बहुधा पुढच्या गाडीतला बिगरमुस्लिम साथीदार सांभाळतो. ढाब्यावर आधी तो थांबतो, हॉर्न देतो आणि म्हणतो, "चल बे, सोड तुझा उपास, मला भूक लागली." ('हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यावर महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली. लिहिणे कमी झाले, हॉर्न काही कमी झालेले नाहीत.)

घरी आल्यावर हे लोक गप्प का असतात, हे आम्ही एका भाभींना विचारले. त्या म्हणाल्या, "पहिले दिवस को तो सोते ही हैं. दुसरे दिन बोलने लगते, तो फोन आ जाता गाडी भर गई करके." आता त्या काय करतात, तर स्वतःच टोमणा मारतात, "आ गए मेहमान? कितने दिन का मुकाम है?" तो हसतो, आणि तिथून बोलणे सुरू होते. हे त्यांना कुणी शिकवले नाही.

क्लीनर गेले, नाके गेले, तेव्हा टपरी आता फोनमध्ये गेली आहे. एकजण काहीतरी खवचट बोलून आवाजी निरोप टाकतो, बाकीचे जिथे थांबतील तिथून उत्तर देतात. चालत्या गाडीत फोन घ्यायचा नाही, असे त्यांनी आपसात ठरवले आहे. सगळेच पाळतात असे नाही. रात्री कोण कुठे थांबणार हे इतरांना साधारण ठाऊक असते. थांबायची वेळ होऊन गेली आणि एखाद्याचे उत्तर आले नाही, तर वाडीतला कुणीतरी उठून बाजूला जातो आणि फोन लावतो. एकदा, दोनदा, तीनदा. बाकावरचे बोलणे तोवर आपोआप थांबलेले असते. मग पलीकडून झोपमोड झालेल्या माणसाची सणसणीत शिवी ऐकू येते, आणि सगळे पुन्हा आपापल्या चहाकडे वळतात.