कळवणे मुख्याध्यापकाचे, ठरवणे न्यायालयाचे

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या लगतच्या तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळा, खासगी अनुदानित विद्यालये, आश्रमशाळा, वसतिगृहे, अंगणवाड्या आणि खासगी शिकवण्या अशा अनेक ठिकाणी मुले दिवसाचा मोठा भाग, आणि आश्रमशाळांत तर रात्रही, घरच्यांखेरीज इतर प्रौढांच्या देखरेखीखाली काढतात. या प्रौढांपैकी कोणावर, मग तो शिक्षक असो, शिपाई, स्वयंपाकी, अधीक्षक वा स्कूलव्हॅनचा चालक, मुलाशी लैंगिक गैरवर्तन केल्याचा आरोप झाला, तर संस्थेने पहिल्या काही तासांत काय करायचे याचे उत्तर कायद्याने 2012 सालीच दिलेले आहे. तरीही आधी संस्थाचालकांची बैठक बोलवावी, संबंधिताला समज द्यावी, पालकांची समजूत काढावी आणि शाळेची बदनामी न होता प्रकरण मिटते का ते पाहावे, ही सवय अजून मोडलेली नाही.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे बोलीभाषेतील ‘पोक्सो’, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती या कायद्याच्या दृष्टीने बालक असून, मुलगा आणि मुलगी असा भेद तो करीत नाही. शाळेच्या किंवा धार्मिक संस्थेच्या कर्मचाऱ्याने आपल्याच संस्थेतील मुलाशी केलेला अपराध हा कायदा अधिक गंभीर, म्हणजे वाढीव शिक्षेचा, मानतो. कारण ज्याच्या हाती मूल विश्वासाने सोपवले, त्यानेच तो विश्वास मोडलेला असतो. याच कायद्याचे कलम 19 असे सांगते की, असा अपराध घडल्याचे ज्याला माहीत आहे किंवा तो घडण्याची शक्यता ज्याला वाटते, अशा कोणाही व्यक्तीने ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना दिलीच पाहिजे. ती न दिल्यास कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्याचा अपराध लपवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र, आरोप पुढे सिद्ध झाला नाही तरी, त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही.

ही तरतूद कागदावरची नाही, हे महाराष्ट्रातील दोन प्रकरणांनी दाखवले. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचार 2019 साली उघडकीस आले. या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टराने माहिती असूनही पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला, परंतु 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर अपराध असून बहुतेक वेळा तो अपराध्यांना पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असे स्पष्ट केले. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर कंत्राटी सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा आरोप झाला, तेव्हा गुन्हा नोंदवण्यातील दिरंगाईने लोक इतके संतापले की 20 ऑगस्ट रोजी त्यांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखून धरली. पुढे शाळेच्या विश्वस्तांवर आणि मुख्याध्यापिकेवरही माहिती न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला. आरोपी मात्र 23 सप्टेंबर 2024 रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मारला गेला, आणि त्याच्यावरील आरोपाची न्यायालयात होणारी छाननी कायमची राहून गेली.

संस्थेने स्वतःची चौकशी आधी का करू नये, याचे कारण पुराव्याच्या स्वरूपात दडलेले आहे. अशा प्रकरणांत बहुधा मुलाचे बोलणे हाच मुख्य पुरावा असतो, आणि वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक, विश्वस्त, पालक-शिक्षक संघाचे पदाधिकारी यांनी एकामागून एक तेच विचारले की मूल थकते, विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून उत्तर बदलते किंवा गप्प होते. पुढे बचाव पक्षाचा वकील याच विसंगतीवर बोट ठेवतो. म्हणून ज्याच्यापाशी मूल प्रथम बोलले, त्याने शांतपणे ऐकावे, ‘त्यांनी असेच केले ना?’ यासारखे उत्तर सुचवणारे प्रश्न टाळावेत, कोणालाही सांगणार नाही असे वचन देऊ नये, आणि लगेच तारीख, वेळ, ठिकाण व मुलाचे शब्द लिहून ठेवावेत. कातकरी किंवा ठाकर मुलाने शरीराच्या भागासाठी घरातला शब्द वापरला असेल, तर तोच शब्द नोंदीत यावा; त्याजागी पुस्तकी शब्द घातला की ते मुलाचे म्हणणे राहत नाही. दुसरीकडे, संबंधित कर्मचाऱ्याला आधी बोलावून जाब विचारला, तर त्याला मोबाइलवरील संदेश पुसण्याची आणि साक्षीदारांना भेटण्याची सवड मिळते.

पेण-रोहा भागात पोलिसांना तातडीने कळवणे आणखी एका कारणाने आवश्यक ठरते. येथील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडण्याच्या कामावर स्थलांतर करतात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुले आश्रमशाळेत राहतात आणि पालक महिनोन्महिने दूर असतात. पालक येईपर्यंत थांबावे, असे अधीक्षकांना साहजिकच वाटू शकते. परंतु माहिती देण्याचे कर्तव्य पालकांच्या संमतीवर अवलंबून नाही, आणि गावकीत किंवा पंचांपुढे झालेल्या तडजोडीने ते संपतही नाही. आश्रमशाळेने पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला, तर जिल्हा परिषदेच्या शाळेने गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवणे प्रशासकीय दृष्ट्या योग्यच आहे; मात्र वरिष्ठांना पाठवलेले पत्र म्हणजे पोलिसांना दिलेली माहिती नव्हे. पेण, वडखळ, दादर सागरी, रोहा, कोलाड किंवा नागोठणे यांपैकी जवळच्या पोलीस ठाण्यात ती पोहोचलीच पाहिजे. मदतीसाठी 1098 ही चाइल्डलाइनही उपलब्ध आहे.

माहिती मिळाल्यावर पोलिसांवरही बंधने येतात. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवायचा असतो, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्हास्तरीय मंडळाला, आणि विशेष न्यायालयाला कळवावे लागते. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा किंवा ओळख पटेल असा अन्य तपशील प्रसिद्ध करणे हा स्वतंत्र अपराध आहे. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संतापाने टाकलेला संदेशही त्याला अपवाद नाही.

आरोप झालेल्या व्यक्तीलाही हक्क असतात, आणि वेळेवर झालेल्या अधिकृत कार्यवाहीनेच ते टिकतात. चौकशी होईपर्यंत तिला मुलांपासून दूर ठेवणे आवश्यक असले, तरी निलंबन ही शिक्षा नव्हे. निलंबित कर्मचाऱ्याला नियमानुसार निर्वाह भत्ता मिळतो. शासकीय कर्मचारी अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत राहिल्यास तो आपोआप निलंबित मानला जातो. विभागीय चौकशी आणि फौजदारी खटला या दोन वेगळ्या वाटा आहेत: खटल्यात अपराध वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, तर विभागीय चौकशीत घटना घडली असण्याची शक्यता अधिक आहे एवढे दिसले तरी पुरते. म्हणून निर्दोष सुटका झाली की नोकरीही आपसूक परत मिळते, असे नाही. द्वेषबुद्धीने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढास कलम 22 नुसार शिक्षा आहे. मुलाने खोटी माहिती दिली तरी त्याला मात्र शिक्षा करता येत नाही.

इंग्लंडमधील पद्धत या बाबतीत पाहण्याजोगी आहे. तेथे मुलांसोबत काम करणाऱ्यांवरील आरोप हाताळण्यासाठी स्थानिक प्राधिकरणाचा नियुक्त अधिकारी असतो, आणि चौकशीअंती शाळांना सिद्ध, खोडसाळ, खोटा, निराधार व अनिर्णीत अशा पाच वर्गांतून निष्कर्ष नोंदवावा लागतो. अनिर्णीत म्हणजे पुरावा अपुरा पडला; त्यावरून मूल खोटे बोलले असेही म्हणता येत नाही आणि कर्मचारी दोषी आहे असेही नाही. कर्मचाऱ्याने मध्येच राजीनामा दिला तरी चौकशी पूर्ण करावी लागते. महाराष्ट्रात ‘राजीनामा घेतला’ किंवा ‘बदली केली’ या दोन शब्दांत जे प्रकरण संपवले जाते, ते प्रत्यक्षात दुसऱ्या तालुक्यातील मुलांच्या दारात नेऊन ठेवलेले असते.

2020 च्या पोक्सो नियमांनी मुलांच्या नियमित संपर्कातील संस्थांना, कायम व कंत्राटी अशा सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करणे बंधनकारक केले आहे, आणि महाराष्ट्र शासनाने 10 मार्च 2022 च्या निर्णयाने शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या नेमण्यास सांगितले. पडताळणी मात्र पूर्वी पोलिसांत नोंदलेला माणूसच पकडू शकते, आणि ज्याच्याबद्दल कधी कोणी कळवलेच नाही त्याचा कागद स्वच्छच निघतो. त्यामुळे या सर्व उपायांचे यश शेवटी, मुलाच्या तोंडून पहिली गोष्ट ऐकणाऱ्या शिक्षिकेने किंवा अधीक्षकाने त्याच दिवशी पोलीस ठाणे गाठले की संस्थेच्या बैठकीची वाट पाहिली, यावर ठरते.