दुसऱ्याच्या उत्तराला आपला हात

दहावीच्या परीक्षेत एखाद्या केंद्रावर वेगळ्या खोलीत एकाच बाकाशी दोन मुलं बसलेली दिसतात. एक दृष्टिहीन परीक्षार्थी असतो आणि दुसरा त्याचा लेखनिक. परीक्षार्थी उत्तर सांगतो, लेखनिक ते उत्तरपत्रिकेत उतरवतो. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा असा नियम असल्यामुळे तो बहुधा आठवी-नववीतला असतो. म्हणजे हे काम मोठ्यांना करताच येत नाही. ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठीच राखून ठेवलेलं आहे, आणि दर वर्षी परीक्षा जवळ आल्या की अशी मुलं मिळवताना शाळांची आणि पालकांची धावाधाव होते.

देवाने तुला जे दिलंय ते दुसऱ्याच्या कामी लाव, असं आपण मुलांना सांगतो. मनापासून सांगतो. पण एवढ्यावर मुलाला काही करता येत नाही. काय लावायचं, कुणाच्या कामी आणि कसं, हे त्याला दाखवावं लागतं. गाणं शिकवताना आपण सूर धरायला शिकवतो, मात्र सेवा आपोआप येईल असं धरून चालतो. ती येत नाही. लेखनिकाचं काम घेऊन हे शिक्षण कसं द्यायचं, ते इथे सविस्तर मांडते.

सुरुवात मुलाकडे काय आहे ते पाहण्यापासून. यासाठी वर्गात पहिला नंबर लागत नाही. सुवाच्य आणि टिकणारं अक्षर लागतं. पहिल्या पानावरचं अक्षर बाराव्या पानावरही तसंच राहायला हवं. आवाज स्पष्ट हवा, जोडाक्षरं न अडखळता वाचता यायला हवीत, आणि ऐकून घेण्याची सवय हवी. हे सगळे गुण एका मुलात असतीलच असं नाही. ज्याचा आवाज चांगला पण हात सावकाश आहे, त्याने वर्षभर पाठ्यपुस्तक वाचून दाखवावं किंवा धडे ध्वनिमुद्रित करून द्यावेत. चित्रकलेत रमणाऱ्या मुलीला कागदावर डिंकाने दोरा चिकटवून उठावाचे नकाशे आणि आकृत्या करता येतात. महाराष्ट्राच्या सीमेवर जाड दोरा, नद्यांवर बारीक दोरा आणि शहरांच्या जागी मोहरीचे दाणे लावले, की बोटांना नकाशा वाचता येतो. हे करताना मुलाला एक गोष्ट मनात ठसेल अशी सांगावी: हे अक्षर, हा आवाज तू कमावलेला नाहीस. सराव तुझा, पण मूळ भांडवल तुला मिळालेलं आहे. ते देताना उपकार केल्याची भावना मनात येऊ देऊ नकोस.

आपल्याकडे लेखनिकांची परंपरा मोठी आहे, आणि मुलांना ती सांगण्यासारखी आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली. ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव ग्रंथाच्या शेवटी आलेलं आहे. तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणारे संताजी जगनाडे तेल्याचा व्यवसाय करणारे होते. आणि गणपतीची गोष्ट तर मुलांना पाठच असते. लेखणी थांबता कामा नये ही गणपतीची अट, आणि समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही ही व्यासांची उलट अट. लेखनिकाला व्यासांची अट आधी शिकवावी. नीट ऐकू आलं नाही, वाक्य कळलं नाही, तर थांबून विचारायचं. अंदाजाने लिहायचं नाही.

प्रत्यक्ष सराव वाचनापासून सुरू होतो. परीक्षेच्या निदान एक सत्र आधी दोघांनी भेटायला लागावं. पहिल्या भेटीत मुलं गोंधळतात, म्हणून साध्या रीती आधीच सांगून ठेवाव्यात. खोलीत शिरल्यावर आपलं नाव सांगायचं आणि जाताना ‘मी निघतो’ असं सांगून निघायचं, नाहीतर समोरचा रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. चालताना त्याचा हात धरून ओढायचं नाही. आपलं कोपर त्याला धरू द्यायचं आणि अर्धं पाऊल पुढे चालायचं. जिन्यापाशी थांबून पायऱ्या वर जातात की खाली ते सांगायचं. खुर्ची दाखवताना त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून द्यायचा, पुढचं तो स्वतः करतो. काही विचारायचं तर सोबत आलेल्या आईला विचारायचं नाही, त्यालाच विचारायचं.

पाठ्यपुस्तक वाचताना मुलं चित्रं, तक्ते, चौकटी गाळून पुढे जातात, कारण त्यांच्या डोळ्यांनी ते आधीच टिपलेलं असतं. ऐकणाऱ्यापर्यंत मात्र त्यातलं काहीच पोचत नाही. म्हणून शीर्षक वाचायचं, परिच्छेद बदलला ते सांगायचं, चित्रात काय आहे ते दोन वाक्यांत सांगायचं. तक्ता वाचताना आधी रकाने किती आणि त्यांची नावं काय ते सांगायचं, मग एकेक ओळ घ्यायची. धड्याचं नाट्य करून वाचण्याचा मोह चुणचुणीत मुलांना होतो. तो आवरायला लावावा. ऐकणाऱ्याला धडा स्वतःच्या मनात उभा करायचा असतो.

गणिताला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. ‘एक्स अधिक दोन भागिले तीन’ हे वाक्य घ्या. एक्सची किंमत चार असेल, तर आधी बेरीज केल्यावर उत्तर दोन येतं आणि आधी भागाकार केल्यावर चार पूर्णांक दोन तृतीयांश येतं. कागदावर अपूर्णांकाची आडवी रेघ दिसते, बोलण्यात ती हरवते. म्हणून दोघांनी आपसांत बोलायची पद्धत ठरवून घ्यावी: ‘कंस सुरू’, ‘कंस बंद’, ‘अंशस्थानी’, ‘छेदस्थानी’, ‘वर्गमूळ इथे संपलं’. ही पद्धत आयत्या वेळी जमत नाही. निदान पाच-सहा प्रकरणं अशी सोडवून व्हायला हवीत.

प्रश्नपत्रिका वाचण्यात तर एक बारीक गोष्ट आहे आणि ती मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. बहुपर्यायी प्रश्नाचे चार पर्याय वाचताना ज्याला उत्तर माहीत आहे त्याचा आवाज बरोबर पर्यायावर किंचित थांबतो किंवा चढतो. दृष्टिहीन मुलाचे कान तयार असतात, त्याला ते लगेच कळतं. लेखनिकाने नकळत उत्तर सांगून टाकलेलं असतं. चारही पर्याय एकाच चालीत वाचण्याचा सराव वेगळा करून घ्यावा लागतो. दुसऱ्या मुलाला डोळे मिटून ऐकायला बसवावं आणि आवाज कुठे चढला ते सांगायला लावावं.

आता या शिक्षणातला सगळ्यात अवघड धडा. लेखनिकाने समोरचा सांगतो तेवढंच आणि तसंच लिहायचं. सराव म्हणून मी मुलांना मुद्दाम चुकीची वाक्यं सांगते. ‘पानिपतची तिसरी लढाई 1671 साली झाली.’ हुशार मुलाचा हात इथे हमखास थांबतो, तो मान वर करून बघतो. मी सांगते, तुझं थांबणंसुद्धा उत्तर सांगणं आहे. लिही. मग तो 1671 लिहितो, आणि त्याच्या चेहऱ्यावर दिसतं की हे त्याला अन्यायाचं वाटतंय. ‘चूक दिसतेय, मला येतंय, तरी मदत नाही करायची?’ असं मुलं विचारतात. हा प्रश्न टाळू नये. बसून बोलावं. त्या मुलाने वर्षभर कानांनी आणि बोटांनी अभ्यास केलाय. त्याला मिळणारे गुण त्याचे असले पाहिजेत. तू त्याला तुझे गुण दिलेस, तर जन्मभर लोकांनी त्याच्याबद्दल घेतलेली शंका तू खरी करून दाखवलीस. देवाने तुला बुद्धीही दिली आणि अक्षरही दिलं. आज त्यातलं फक्त अक्षर मागितलेलं आहे.

माझ्या मते सेवेचं सगळं शिक्षण या एका धड्यात आहे. आपल्याला जे द्यावंसं वाटतं ते देणं सोपं असतं. समोरच्याला जे हवंय तेवढंच देऊन बाकीचं स्वतःपाशी धरून ठेवणं कठीण असतं, आणि तेरा-चौदाव्या वर्षी ते शिकलेलं मूल पुढे डॉक्टर झालं, शिक्षक झालं, तरी समोरच्याचं आधी ऐकून घेतं. विद्येच्या देवतेने महाभारत लिहिताना स्वतःचा एकही श्लोक घुसवला नाही, हे या वेळी मुलांच्या लक्षात आणून द्यावं. ते त्यांना पटतं.

मुलाची संमती हा विषय मात्र पालक सहज विसरतात. इंग्रज कवी जॉन मिल्टन 1652 पर्यंत पूर्ण दृष्टिहीन झाला. ‘पॅराडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य त्याने जवळ असेल त्याला ओळी सांगून लिहून घेतलं आणि ते 1667 मध्ये छापून आलं. आपल्या अंधत्वावरच्या सुनीतात त्याने बायबलमधल्या एका दाखल्याची आठवण काढली आहे. धन्याने सोपवलेलं धन एका चाकराने जमिनीत पुरून ठेवलं, तो हा दाखला. मिळालेली देणगी वापराविना पडून राहील की काय, हे त्याचं दुःख होतं. पण त्याच मिल्टनने आपल्या दोन मुलींना त्यांना न कळणाऱ्या भाषांतली पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायला बसवलं. लॅटिन, ग्रीक, हिब्रू यांचा उच्चार त्यांना शिकवला, अर्थ नाही. त्याच्या भाच्याने, एडवर्ड फिलिप्सने, लिहून ठेवलंय की मुली या कामाला कंटाळून गेल्या होत्या. स्वतःची देणगी इतक्या आस्थेने जपणाऱ्या माणसाला मुलींच्या मनाचा विचार सुचला नाही. आपल्या मुलाला विचारावं, एक-दोन भेटी होऊ द्याव्यात, आणि त्याला नको असेल तर ते मोकळेपणाने ऐकून घ्यावं. त्याचा कल कदाचित उठावाच्या नकाशांकडे असेल.

परीक्षेची तयारी कागदपत्रांपासून सुरू होते. लेखनिकासाठीचा अर्ज परीक्षार्थीच्या शाळेमार्फत वेळेत जावा लागतो, त्यासोबत लेखनिकाच्या इयत्तेचा दाखला आणि छायाचित्र लागतं. त्या वर्षीचे नियम शाळेकडून आधी समजून घ्यावेत. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. चार तास सलग लिहिण्याचा सराव नववीतल्या मुलाला नसतो. निदान दोन पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवून घ्यावेत. बोटं कधी आखडतात, पाणी कधी लागतं, हे त्यातून कळतं. पेपर हातात आल्यावर आधी तो सगळा गुणांसकट एकदा वाचून दाखवायचा. कोणता प्रश्न आधी घ्यायचा ते परीक्षार्थी ठरवतो. एकेक वाक्य लिहून झालं की ‘झालं’ म्हणायचं, परिच्छेद झाला की तो वाचून दाखवायचा. खोडायला सांगितलं तर खोडायचं. घड्याळ समोर असेल तर मागितल्यावर वेळ सांगायची.

पेपरानंतर घरी काय बोलायचं, तेही ठरलेलं असावं. ‘केवढं पुण्य मिळवलंस’ असं म्हणू नये आणि त्या दोघांचे फोटो इकडे तिकडे पाठवू नयेत. कौतुक कामाचं करावं. भूगोलाचा तक्ता न गोंधळता वाचलास, शेवटच्या पानापर्यंत अक्षर बिघडलं नाही, असं नेमकं सांगावं. निकाल लागल्यावर गुण विचारायचे नाहीत, त्याने आपणहून सांगितले तर आनंदाने ऐकायचे.

या भेटींत देणंघेणं दोन्ही बाजूंनी होतं, आणि ते होऊ द्यावं. लुई ब्रेल हा फ्रान्समधल्या एका खोगीर-लगाम बनवणाऱ्याचा मुलगा. वडिलांच्या कामाच्या जागी तिसऱ्या वर्षी हत्यार लागून त्याची दृष्टी गेली. 1824 मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याने सहा ठिपक्यांची लिपी बसवली आणि ती आपल्यासारख्या मुलांच्या हाती दिली. आपल्या लेखनिकाने सोबत्याकडून ही लिपी शिकून घ्यावी. पाटीत कागद अडकवून टोचणीने लिहिताना उजवीकडून डावीकडे जावं लागतं, कारण ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात आणि कागद उलटून वाचतात. डोळस मुलाचा इथे चांगलाच गोंधळ उडतो, आणि त्याला शिकवणारा त्या दिवशी दुसरा असतो.

वर्ष संपलं की नववीतला लेखनिक स्वतः दहावीत जातो आणि दहावीच्या पेपराला पुन्हा लेखनिक म्हणून बसू शकत नाही. म्हणून आपलं काम संपण्याआधी त्याने आठवीतलं एक मूल शोधावं, त्याला दोन-तीन भेटींना सोबत न्यावं. कोपर कसं पुढे करायचं, कंस कसे बोलायचे, चार पर्याय एका चालीत कसे वाचायचे, हे सगळं त्याने स्वतः दाखवावं. पानिपतचं चुकीचं वाक्यही त्यानेच सांगावं आणि त्या मुलाचा हात थांबतो का ते बघावं.