खुशामतखोर कवीची साक्ष

दरबारी स्तुतिकाव्याला इतिहासाचे साधन मानू नये, हा आक्षेप एबोलीच्या पिएत्रोला पुरेपूर लागू पडतो. सालेर्नोजवळच्या एबोलीच्या या कवीने 1195 च्या सुमारास सम्राट सहाव्या हेन्रीच्या गौरवासाठी लॅटिन काव्य रचले. सिसिलीचा राजा दुसरा विल्यम 1189 मध्ये निपुत्रिक वारला. त्याची आत्या कॉन्स्टन्स ही हेन्रीची पत्नी. त्या नात्याने हेन्रीने गादीवर हक्क सांगितला. राजा झाला मात्र राजघराण्यातला अनौरस तांक्रेद. पिएत्रो त्याला माकड ठरवतो, त्याच्या ठेंगणेपणाची हेटाळणी करतो. या काव्यावरून तांक्रेदची पारख करणे अन्यायाचेच होईल.

पण म्हणून सारे काव्य बाजूला सारणे चूक आहे. त्याच्या हस्तलिखितात मजकुरासमोर पानभर चित्रे आहेत. मरणासन्न विल्यमच्या शय्येपाशी अरब हकीम आणि ज्योतिषी दिसतात. पालेर्मोच्या दरबारात ग्रीक, अरबी आणि लॅटिन लेखनिक शेजारी-शेजारी काम करतात. हेन्रीला खूश करण्यासाठी हे तपशील रचण्याची काहीच गरज नव्हती, आणि माझ्या मते इथेच पिएत्रो सर्वांत विश्वसनीय आहे. चित्रकाराने ठरीव साचे गिरवले असतील, असे कोणी म्हणेल. पण त्या राज्याचे तिन्ही भाषांतले दस्तऐवज आजही उपलब्ध आहेत आणि ते चित्राला दुजोरा देतात. हे हस्तलिखित आता स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात जतन केलेले आहे.