पेटुनिया: बाल्कनीतली हिवाळी पाहुणी

दिवाळीचा फराळ संपत आला की आपल्या शहरातल्या नर्सऱ्यांचा मूड एकदम बदलतो. पावसाळाभर जिथं मोगरा, जास्वंद आणि ‘इनडोअर’ मंडळींचं राज्य असतं, तिथं काळ्या पिशव्यांमधून छोटी छोटी, हाताला जराशी चिकट लागणारी रोपं रांगेनं येऊन बसतात. जांभळी, गुलाबी, पांढरी, मधूनच पांढऱ्या पट्ट्यांची, भोंग्यासारखी फुलं. ऑफिस सुटल्यावर बीड बायपासनं घरी येताना बाइक आपोआप स्लो होते आणि एक घेऊ म्हणता म्हणता सहा रोपं घरी येतात. हीच ती पेटुनिया. नर्सरीत कुणी तिला पिटुनिया म्हणतं, कुणी पिटोनिया.

खरी गंमत सुरू होते ती तीन आठवड्यांनी. फांद्या लांबुळक्या होतात, पानं पिवळी पडतात, टोकाला कशीबशी दोन फुलं उरतात. मग नेटवर सर्च! आणि तिथं पहिलाच सल्ला मिळतो, की थंडीतलं शेवटचं हिमदव पडून गेलं की रोपं बाहेर लावा आणि समरभर फुलं एन्जॉय करा. हा सल्ला अमेरिका-इंग्लंडातल्या अंगणांसाठी आहे, बॉस. तो इथं पाळला तर एप्रिलमध्ये लावलेल्या रोपाचा मे महिन्यात, चाळीस डिग्रीत, पापड होतो.

आपल्याकडे पेटुनियाचं कॅलेंडर बरोबर उलटं चालतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी, नोव्हेंबरात कुंडीत रोप, डिसेंबर ते मार्च फुलं आणि एप्रिलमध्ये टाटा. पाच महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे हे, रिन्युअल नाही. एकदा हे डोक्यात बसलं की निम्मं टेन्शन संपतं. उरलेलं निम्मं पाण्याचं.

आधी पाणी, मग फुलं

या शहरात बागेचा विचार पाण्यापासूनच सुरू करावा लागतो आणि ही काही आजची गोष्ट नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरनं नहर खेळवून इथं पाणी आणलं. अठराव्या शतकातली पाणचक्की डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्यावर फिरली, तेही जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आलेल्या. आज आपलं पाणी पैठणच्या जायकवाडीतून उपसून, चढावर पंप करून येतं. गेली कित्येक वर्षं बहुतेक भागांत नळाला रोज पाणी आलेलं नाही. नव्या सोसायट्यांमध्ये बोअर आणि टँकर हाच आधार. अशा ठिकाणी बाल्कनीत फुलं लावणं हा शौक की माज, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. यायलाच हवा.

म्हणून साधा हिशेब करू. दहा इंची कुंडीतल्या भरलेल्या पेटुनियाला हिवाळ्यात दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. चार कुंड्या म्हणजे दोन ते चार लिटर, आठवड्याला एक ते दीड बादली. हे पाणी स्वयंपाकघरातच असतं. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या-फळं धुतलेलं. सिंकखाली एक पातेलं ठेवायचं, बस्स. पेटुनियाला ते छान चालतं. मीठ किंवा साबण गेलेलं पाणी मात्र नको. आणि ‘आरओ’चं वाया जाणारं पाणी ‘रिसायकल’ म्हणून कुंडीत ओतायची जी फॅशन आहे, ती पेटुनियासाठी तरी सोडा. मशीननं गाळलेले सगळे क्षार त्या पाण्यात गोळा झालेले असतात. त्यानं फरशी पुसा.

बारा हँगिंग बास्केट्स लावायच्या आणि त्या टँकरच्या पाण्यावर जगवायच्या, हे मला तरी पटत नाही. फोटोत भारी दिसतं. पण खालच्या गल्लीत हंडे भरायला लाइन लागलेली असताना वरून पाइपनं पाणी टपटपत असेल तर त्या फुलांकडे बघताना कसंतरीच होतं. स्वयंपाकघरातल्या पाण्यात जेवढ्या कुंड्या बसतील तेवढ्याच लावा. बहुतेक घरांत हा आकडा तीन ते पाच निघतो. आणि नीट सांभाळलेल्या तीन कुंड्या दुर्लक्षित बारा कुंड्यांपेक्षा जास्त फुलं देतात, हे अगदी खरं आहे.

पाणी द्यायची वेळ सकाळची, ऑफिसला निघण्याआधी. फुलांवर शिंपडायचं नाही, पाकळ्या कागदासारख्या असतात, लगेच डाग पडतात. मातीवर सावकाश ओतायचं, खालच्या भोकातून थेंब पडेपर्यंत. त्यानंतर बोट घालून वरचा इंचभर थर कोरडा लागेपर्यंत पुन्हा द्यायचं नाही. डिसेंबरात कधी दोन दिवस चालून जातं, फेब्रुवारी संपता संपता मात्र एक दिवसही चालत नाही. दुपारी तीनला रोप मान टाकून बसलं तर घाबरू नका, संध्याकाळी ते पुन्हा उभं राहतं. पण माती ओली असूनही रोप सुकलेलं दिसत असेल तर मुळं कुजायला लागलीत असं समजा. तिथं आणखी पाणी ओतणं म्हणजे आगीत तेल.

दोन दिवस पुण्याला किंवा गावी जायचंय? कुंडी दोन विटांवर ठेवा, खाली पाण्यानं भरलेला डबा. जुन्या सुती नाडीचं एक टोक भोकातून वर मातीत खोचा, दुसरं डब्यात सोडा. समईतली वात जसं तेल ओढते तशी ही नाडी पाणी ओढते. जायच्या आदल्या आठवड्यात एकदा करून बघा म्हणजे अंदाज येतो.

काळी माती, पांढरा थर

मराठवाड्याची काळी माती कापसाला सोन्यासारखी, कुंडीत मात्र तिची वीट होते. ओली झाली की चिखल, वाळली की कडेनं भेगा, आणि त्या भेगांतून पाणी मुळांना न शिवताच खाली. एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, हे मिश्रण पेटुनियाला मानवतं. कुंडी दहा-बारा इंची, तळाला भोक हवंच. एका कुंडीत तीन रोपं पुरे.

मातीची कुंडी दिसायला झकास, पण आपल्या कोरड्या हवेत ती स्वतःच निम्मं पाणी पिऊन बसते. मुंबईच्या दमट हवेत तिचा फायदा आहे, इथं प्लास्टिकची बरी. देखणेपणा हवाच असेल तर प्लास्टिकची कुंडी मातीच्या मोठ्या कुंडीत बसवा.

आता पिवळ्या पानांबद्दल, कारण इथल्या पेटुनियाचं सगळ्यात मोठं दुखणं हेच. आपलं शहर बेसॉल्टच्या खडकावर वसलंय आणि बोअरचं पाणी त्याच खडकातून येतं. बादलीला, नळाला, गीझरच्या कॉइलला जो पांढरा थर बसतो, तोच हळूहळू कुंडीतही साठतो. माती अल्कधर्मी होते आणि पेटुनियाला तर जराशी आम्ल माती लागते. मातीत लोह असलं तरी मुळांना ते उचलता येत नाही. मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक हे बघून युरिया टाकतात. त्यानं काही होत नाही! पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला तर नत्र कमी, वरच्या कोवळ्या पानांपासून सुरू झाला तर लोह. हा एक फरक ओळखता आला तर तुम्ही अर्धे माळी झालात. उपाय म्हणजे चिलेटेड आयर्न. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, मोसंबीच्या बागायतदारांना ते चांगलं ओळखीचं असतं. पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्यानं सुरुवात करा. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी साठवायची सोय असेल तर ते पेटुनियासाठी राखून ठेवा, त्यात क्षार जवळपास नसतातच.

खतासाठीही फॅन्सी गार्डन शॉपमध्ये इवल्याशा डबीला पैसे मोजायची गरज नाही. जाधववाडीच्या मार्केट यार्डकडे चक्कर मारा. ठिबकवाले शेतकरी वापरतात ते १९:१९:१९ विद्राव्य खत घ्या. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, दर दहा दिवसांनी. किलोचं पाकीट एका बाल्कनीला काही वर्षं संपणार नाही, तेव्हा सोसायटीत चार जणांत वाटून घ्या आणि उरलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उघडं राहिलं तर हवेतला ओलावा ओढून त्याचं ढेकूळ होतं.

कात्री चालवायची हिंमत

पेटुनियाला सहा तास तरी ऊन हवं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन अगदी आतपर्यंत येतं. पूर्वेचीही चालते. उत्तरेच्या बाल्कनीत मात्र नुसतीच पानं मिळतील, तिथं हट्ट करू नका. मार्च लागला की हिशेब पुन्हा फिरतो. तेव्हा फक्त सकाळचं ऊन लागेल अशा कोपऱ्यात कुंडी सरकवली तर आणखी दोन-तीन आठवडे मिळून जातात.

रोप सहा इंचाचं झालं की शेंडा खुडायचा. जिवावर येतं, कारण नेमकी तिथंच कळी असते. पण एक शेंडा खुडला की खालून तीन-चार फांद्या फुटतात. वाळलेली फुलं काढतानाही एक ट्रिक आहे. बहुतेक जण नुसती पाकळी ओढतात, खालचं हिरवं बोंड तसंच राहतं आणि त्यात बी धरतं. बी धरलं की रोपाच्या दृष्टीनं काम झालं, मग ते फुलं कशाला देईल? बोंडासकट खुडा. रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन दहा मिनिटांत होणारं काम आहे, आणि आठवडाभराच्या मीटिंग्जनंतर फार बरं वाटतं.

जानेवारीच्या शेवटी खरी परीक्षा असते. रोप विस्कटलेलं दिसायला लागतं, पण फुलं तर असतात. तेव्हाच सगळ्या फांद्या एक तृतीयांशानं कापायच्या आणि खताचं पाणी द्यायचं. दोन-तीन आठवडे बाल्कनी टकली दिसेल, पाहुणे आले तर काय म्हणतील असंही वाटेल. फेब्रुवारीत मात्र रोप पुन्हा गच्च भरतं.

किडींचं म्हणाल तर पेटुनियाचं कूळ लक्षात ठेवा. ही वांगं, टोमॅटो, मिरची आणि तंबाखूची भाऊबंद. नावच मुळात दक्षिण अमेरिकेतल्या तंबाखूच्या एका जुन्या शब्दावरून आलंय. त्यामुळे हरभरा-कापसावर येणारी घाटेअळी हिच्या कळ्याही कुरतडते. पानांवर काळ्या बारीक गोळ्या दिसल्या तर संध्याकाळी टॉर्च घेऊन शोधा, हातानं उचला. मावा आला तर निंबोळी तेल. आणि घरात कुणी तंबाखू मळणारे काका असतील तर हात धुतल्याशिवाय त्यांना कुंडीला हात लावू देऊ नका. यात चेष्टा नाही. तंबाखूचा मोझॅक विषाणू हातावरून पेटुनियावर जातो आणि त्याला औषध नाही.

जाता जाता एक किस्सा, कारण हे फूल दिसतं तेवढं साधं नाही. १९९० मध्ये अमेरिकेत रिचर्ड जॉर्गेनसन आणि सहकाऱ्यांनी जांभळ्या पेटुनियाचा रंग आणखी गडद करायला तिच्यात रंगाचा जादा जीन घातला. फुलं आली ती पांढरी आणि पट्ट्यापट्ट्यांची! जादा जीननं मूळ जीनचंही तोंड बंद केलं होतं. हे ‘तोंड बंद’ नेमकं कसं होतं, ते अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत दाखवलं आणि २००६ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आता बाल्कनीतली पेटुनिया दाखवताना पाहुण्यांना हे ऐकवा, इम्प्रेशन पक्कं.

वाळूजची सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा घरी येणाऱ्यांनी पांढरी किंवा जांभळी घ्यावी. तिच्या पांढऱ्या रानटी पूर्वजाला रात्री उडणारे पतंग हवे असायचे, म्हणून त्याचा वास अंधार पडल्यावर सुटायचा. बऱ्याच संकरित जातींत तो अजून थोडा उरलाय.

एप्रिलमध्ये खोड तपकिरी आणि फुलं बोराएवढी व्हायला लागली की तिला सावलीत, एसीत, ओल्या पोत्यात गुंडाळून जगवायचा खटाटोप करू नका. त्या दिवसांत पाणी तिच्यावर घालवणं परवडणारंही नाही. बी धरून ठेवलंत तरी संकरित रोपाचं बी आईसारखं निघेलच असं नाही. रोप उपटा, तुकडे करून कंपोस्टमध्ये टाका, माती दोन दिवस उन्हात पसरा. मग त्याच कुंडीत शेजाऱ्यांकडून चिनी गुलाबाच्या चार काड्या मागून खोचा. उन्हाला डरत नाही, तीन दिवसांत एकदा पाणी मिळालं तरी चालतं, आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला उमलतो म्हणून त्याला ‘ऑफिस टाइम’ असंही म्हणतात. म्हणजे बघायचा असेल तर रविवारी, नाहीतर लेट मार्क!