विरजणाची मालकी

सायंकाळीं दूध निवत आलें आणि घरांत विरजणच नाहीं असें आढळलें, म्हणजे धाकटी सून वाटी घेऊन शेजारीं जाते. शेजारच्या काकू चमचाभर दहीं देतात आणि सकाळीं सबंध कुटुंबास पुरेल इतकें दहीं लागलेलें असतें. त्या चमच्यांत कोट्यवधि सजीव जंतू असतात व रातोरात त्यांचा वंश वाढतो. पण या वंशाचा धनी कोण, असा वाद कोणत्याहि माजघरांत झालेला आमच्या ऐकिवांत नाहीं. न्यायालयांत मात्र याच जातीचा वाद झाला, आणि त्याचा संबंध छत्रपति संभाजीनगराभोंवतालच्या कपाशीशीं आहे.

पैठण, सिल्लोड या बाजूस ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे त्यांना बोंडअळी नव्यानें सांगावयास नको. या अळीला मारणारा एक जंतू जमिनींतच राहतो. १९०१ सालीं जपानांत इशिवाता यांना तो रेशमाच्या रोगट किड्यांत सांपडला; पुढें जर्मनींत बर्लिनर यांना पिठांतील पतंगाच्या अळींत आढळला, आणि थुरिंजिया प्रांतावरून त्याचें नांव बॅसिलस थुरिंजिएन्सिस असें पडलें. त्याचें एक जनुक कपाशींत घातलें म्हणजे झाड स्वतःच अळीला मारक असें प्रथिन तयार करूं लागतें. हीच बीटी कपाशी. हें बियाणें आपल्या शेजारच्या जालन्याहून आलें. बद्रिनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं तेथें स्थापिलेल्या महिको कंपनीस, मॉन्सँटो या अमेरिकन कंपनीच्या जनुकावर तयार केलेल्या वाणांसाठीं, मार्च २००२ मध्यें परवानगी मिळाली.

प्रारंभीं ४५० ग्रॅमच्या पुड्यास सुमारें १,६०० रुपये पडत, आणि त्यांतील मोठा हिस्सा जनुकाच्या शुल्काचा असे. २०१६ सालीं केंद्र सरकारनें हें शुल्क ४९ रुपयांवर आणलें, २०२० सालीं तें शून्य केलें. शेतकऱ्याच्या खिशाला लागणारी गोष्ट ती ही.

आतां कायदा पाहूं. १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणें झाडें, प्राणी व बियाणें यांवर पेटंट मिळत नाहीं. सूक्ष्मजंतू मात्र त्या बंदींतून वगळलेले आहेत. तेहि निसर्गांत जसे आढळतात तसे नव्हेत. मनुष्यानें कांहीं नवें घडविलें असेल तरच. काकूंचें विरजण त्यांत बसत नाहीं! अमेरिकेंत १९८० सालीं आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल खाणाऱ्या जंतूस पांच विरुद्ध चार मतांनीं पेटंटास पात्र ठरविलें, तेंहि याच भेदावर.

मग जंतूपासून घेतलेलें जनुक बियाण्यांत शिरल्यावर तें झाडाचाच भाग झालें कीं शोधकाची निर्मिति राहिली? दुसऱ्या पिढीच्या बीटी कपाशीविषयीं मॉन्सँटो व नुजिवीडु सीड्स यांच्यांत झालेल्या दाव्याचा गाभा हाच. एप्रिल २०१८ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं पेटंट रद्द ठरविलें. ८ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरवून, तज्ज्ञांचा पुरावा घेऊन खटला चालवावा, असें सांगितलें. त्याच वर्षीं पेटंटाची मुदत संपली आणि २०२१ सालीं उभयतांनीं तडजोड केली. एवढे वकील, एवढा खर्च, आणि मुख्य प्रश्न जेथल्या तेथें!

ज्या घरांतील मुलगा अथवा मुलगी परभणीच्या कृषि विद्यापीठांत शिकत असेल, त्या घरीं हें विशेष ध्यानांत असावें. नवा उपयोगी वाण हातीं लागला कीं तो छापून टाकण्याची घाई होते. परंतु एकदां छापल्यावर सामान्यतः पेटंट मिळत नाहीं, म्हणून अर्ज आधीं व लेख मागाहून. उलट, लेख छापला कीं दुसऱ्यासहि पेटंट घेतां येत नाहीं. हळदीनें जखम भरते यावर १९९५ सालीं अमेरिकेंत दिलेलें पेटंट १९९७ सालीं रद्द झालें, तें डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें आपले जुने ग्रंथ व लेख पुढें मांडल्यामुळेंच. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेस आम्हांस तरी हा दुसरा मार्ग अधिक शोभतो असें वाटतें.

पेटंट मागणाऱ्यानें जंतू कोठून आणला हें अर्जांत लिहावें लागतें. शब्दांनीं त्याचें पुरतें वर्णन होत नसेल तर तो मान्य संग्रहांत ठेवावाहि लागतो. असा एक संग्रह पुण्यास आहे. तेथें ठेव निदान ३० वर्षें जतन करावयाची असते, आणि पेटंटाची मुदत २० वर्षांची. तेव्हां मालकी सरल्यावरहि त्या कुपींतलें विरजण जिवंतच असतें.