परीक्षेचा ताण आणि तारुण्यपीटिका

शालान्त परीक्षा जवळ आली, की रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलामुलींच्या कपाळावर आणि हनुवटीवर मुरूम उमटू लागतात, आणि वडीलधारी मंडळी त्याचा ठपका कधी उष्णतेवर, कधी बटाटेवड्यांवर, तर कधी तोंड नीट न धुण्याच्या सवयीवर ठेवून मोकळी होतात. या तक्रारीत मनावरील ताणाचाही वाटा असतो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २२ विद्यार्थ्यांची त्वचा परीक्षेच्या दिवसांत आणि एरवीही तपासून २००३ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की ज्यांचा ताण अधिक वाढला, त्यांचे मुरूमही अधिक बळावले. पुढे सिंगापूरच्या ९४ विद्यार्थ्यांतही हाच संबंध आढळला. परंतु त्वचेवरील तेलाचे प्रमाण तेथे फारसे वाढलेले नव्हते, आणि म्हणूनच ताणामुळे तेलापेक्षा दाह वाढत असावा, असा तर्क बळकट झाला. मेंदू ताणाच्या प्रसंगी ज्या संप्रेरकाद्वारे शरीराला सावध करतो, त्याची ग्राहके त्वचेतील तैलग्रंथींवरही असतात. तथापि ताण हे मूळ कारण नव्हे. वयात येताना तैलग्रंथी अधिक स्रवू लागतात, मृत पेशींनी रोमरंध्रे बुजतात, तेथे जिवाणू वाढतात, आणि या आधीच चाललेल्या क्रियेला ताण केवळ जोर देतो.

इलाजाला धीर हवा. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा चेहरा धुणे पुरेसे. घासून मुरूम जात नाहीत आणि फोडल्यास डाग व वण राहतात. बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापॅलीन यांचे मलम उपयुक्त असले, तरी गुण दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उपचार आरंभून चमत्काराची अपेक्षा करणे व्यर्थ होय. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेलाचा आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, हेही आधी ठाऊक असावे. चेहरा उजळ करण्यासाठी शेजारणीने सुचवलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे मात्र कटाक्षाने टाळावीत. त्यांनी त्वचा पातळ होते आणि मुरूम उलट वाढतात. गाठी दुखऱ्या असतील किंवा वण पडू लागले असतील, तर विनाविलंब त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

पुरेशी झोप आणि थोडा व्यायाम यांचा लाभ अभ्यासालाही होतोच. पण घरच्यांच्या हाती याहून मोठी गोष्ट आहे: ज्या मुलाला आरशासमोर उभे राहण्याची आधीच धास्ती वाटते, त्याच्या चेहऱ्याची चर्चा पाहुण्यांसमोर न करणे, आणि यात तुझा काहीही कसूर नाही, असे त्याला स्पष्ट शब्दांत सांगणे.