कपाटातली अमृतांजनाची बाटली

नेरूळच्या आमच्या घरी आईच्या कपाटात अमृतांजनाची एक जुनी काचेची बाटली आहे. तिचे झाकण गंजले आहे, वरची चिठ्ठी पुसट झाली आहे. तरी झाकण उघडले की कापराचा अंधुक वास अजून येतो. गावचे घर आवरताना आईने ज्या मोजक्या वस्तू सोबत आणल्या, त्यांत ही एक होती.

या बाटलीचा इतिहास मुंबईतच सुरू होतो. आंध्रातून आलेल्या काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ साली येथे हे बाम तयार करण्यास आरंभ केला. सुरुवातीला संगीताच्या मैफलींत ते फुकट वाटले जाई. या व्यवसायाच्या बळावर त्यांनी १९०८ मध्ये मुंबईतूनच ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक काढले आणि १९१४ मध्ये आपला मुक्काम मद्रासला हलविला.

नाव मात्र आपल्या घाटात राहिले. खंडाळ्याच्या घाटातील १८३० च्या पुलावर या बामची जाहिरात झळकत असे. म्हणून लोक त्याला अमृतांजन पूलच म्हणू लागले. द्रुतगती मार्गावरील वाहतुकीस अडचणीचा ठरलेला तो पूल एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात पाडण्यात आला.

आईने मात्र बाटलीला नवे काम दिले होते. ती धुऊन तिने तीत मधुमेहाच्या गोळ्या भरल्या. शेजारच्या तशाच बाटलीत रक्तदाबाच्या. दोन्ही गोळ्या पांढऱ्या आणि लहान. एका सकाळी रक्तदाबाची समजून तिने मधुमेहाचीच गोळी दुसऱ्यांदा घेतली. थोड्याच वेळात तिला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले. ताबडतोब साखरेचे पाणी पाजून डॉक्टरांकडे नेले, म्हणून निभावले.

त्या दिवसापासून आम्ही काही नियम पाळतो. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात; नाव, मात्रा आणि मुदत त्यावरच छापलेली असते. आठवड्याच्या खणांची डबी वापरायची, तर ती घरातील एकाच जबाबदार व्यक्तीने भरावी.

बामविषयीही सावध असावे. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. म्हणून बाटली नातवंडांच्या हाती लागू देऊ नये आणि दोन वर्षांखालील बाळाला असे बाम लावू नये. जखमेवर ते चोळू नये, लावल्यावर त्या जागी गरम पाण्याची पिशवीही ठेवू नये. अनेक बामांत मिथाइल सॅलिसिलेट असते व ते त्वचेतून शरीरात शोषले जाते. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

बाटली आता रिकामीच असते. आई कधी कधी झाकण उघडून वास घेते. गोळ्यांची डबी मात्र दर रविवारी मी भरते, आणि प्रत्येक खण आई स्वतः तपासून पाहते.